वर आले का सगळे

लोक मला विचारतात, त्या आवाजासाठी कोणता नट घेतला होता. मी सांगतो, नट नव्हता, घरचाच माणूस होता. त्यांना वाटतं मी विनय दाखवतोय. मग ते सांगत सुटतात की त्या प्रसंगाला त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, अंगावर काटा आला, असला आवाज माणसाच्या गळ्यातून निघूच शकत नाही. मी ऐकून घेतो. माणसाच्याच गळ्यातून निघाला होता, नागपुरात, प्रताप नगरात, आमच्या घराच्या जिन्यात, दुपारी चार वाजता. तो तसा निघावा म्हणून मी काय केलं, हे या कौतुक करणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नाही.

धरमपेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन आम्ही तिघांनी एक डिटेक्टिव्ह गेम केला. मित्र प्रोग्रामिंग करायचा, त्याची बहीण चित्रं काढायची आणि गोष्ट, संवाद माझ्याकडे होते. नोकरीतून काढलेला एक पोलीस कोळसा खाणीच्या गावात येतो. गावातली माणसं नाहीशी होत असतात आणि कोणीच तक्रार करत नाही. तो खबऱ्यांना चहा पाजतो, जुने कागद चाळतो, खोटं बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. शेवटी त्याला कळतं की इथे खून वगैरे झालेलाच नाही. खाणीच्या सगळ्यात खालच्या थराखाली काहीतरी आहे. पृथ्वीपेक्षा जुनं, बिनआकाराचं. त्याला माणसाचा राग नाही, कारण माणूस नावाचं काही असतं हेच त्याला माहीत नाही.

असल्या गेममधला हीरो रेनकोट घालून पावसात सिगरेट ओढत उभा असतो. आमच्याकडे मे महिन्यात रेनकोट घातला तर गुन्हेगार सापडायच्या आधी डिटेक्टिव्हच उन्हाने जाईल. म्हणून आम्ही त्याच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळला, गाडीवरून जाणारी सगळी नागपूरची जनता गुंडाळते तसा. नुसते डोळे दिसणारा डिटेक्टिव्ह. यावर आम्ही फार खूश होतो. तेव्हा आम्ही स्वतःवर कशावरूनही खूश व्हायचो.

खाण मी कधी आतून बघितली नाही. बघितली होती ती माझ्या बाबांनी. कन्हानकडच्या एका कोळसा खाणीत ते उभी हयात सिरदार होते. सिरदार म्हणजे एका पाळीतल्या माणसांना खाली घेऊन जाणारा आणि पाळी सुटल्यावर वर आणणारा. हातात एक काठी. तिने खाणीचं छत ठोकून बघायचं. छत खणखणीत वाजलं तर त्याखाली काम करायचं, पोकळ वाजलं तर माणसं मागे घ्यायची. आणि दुसरं काम बत्तीघराचं. खाली जाताना प्रत्येक माणूस आपला बिल्ला देऊन डोक्याला लावायची बत्ती घेतो, वर आला की बत्ती जमा करून बिल्ला परत घेतो. बत्तीघरात एक जरी बत्ती कमी असली तर सिरदार घरी जात नाही.

हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, डोकं शाबूत होतं तेव्हा. मी त्यांच्या गोष्टीवर काहीतरी करतोय याचा त्यांना आनंद झाला होता. आपल्या कामाबद्दल इतक्या वर्षांत घरात कोणी दोन प्रश्न विचारले नव्हते, आणि आता मुलगा वही घेऊन बसला होता. भिंतीवर काठी वाजवून त्यांनी मला खणखणीत आणि पोकळ यांतला फरक शिकवला. आमच्या हॉलची एक भिंत पोकळ वाजते, हे मला तेव्हा कळलं.

एकदा मी त्यांना गेमची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकली.

"यात माणसं मरते का?"

"हो बाबा. बरीच मरतात."

"मंग वर त्यायले मोजते कोण?"

आमच्या गेममध्ये कोणीच कोणाला मोजत नव्हतं. मी म्हणालो, "असा काही भाग नाही त्यात."

"मंग कशाची खाण आहे तुह्यी," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मला थोडा राग आला होता, हे आठवतं. त्यांना त्या प्रकारची गोष्ट कळत नाही, असं मी वहीत लिहून ठेवलं. ती वही अजून आहे.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, मग माझं लग्न झालंय की नाही ते. सगळं सांडत गेलं, फक्त चार वाजता सुटणारी पाळी राहिली. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, खाली भाडेकरू. रोज चारच्या सुमारास बाबा बूट घालायचे, दारामागची काठी घ्यायचे, जिन्याच्या तोंडाशी जाऊन कठड्यावरून खाली वाकायचे आणि विचारायचे, "वर आले का गा सगळे?"

आई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, "आले जी सगळे. बत्त्या जमा झाल्या."

"चला मंग," असं म्हणून ते परत यायचे, काठी दारामागे ठेवायचे, बूट काढायचे आणि चहाला बसायचे. पहिल्यांदा हे कसं ठरलं कोण जाणे. आईला कोणी शिकवलं नव्हतं. कॉलनीच्या क्वार्टरमध्ये तिने अर्धं आयुष्य हीच वाट बघण्यात काढलं होतं, त्यामुळे तिला ठाऊक होतं की या माणसाला काय ऐकायचंय. तिचं एक वाक्य ऐकून तो सबंध संध्याकाळ शांत असायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तेवढं होत नव्हतं.

इकडे आमचा गेम शेवटच्या प्रसंगावर अडला होता. डिटेक्टिव्ह खाणीच्या तळाशी पोचतो आणि ते जे काही आहे ते त्याच्याशी बोलतं. मित्राच्या बहिणीने त्याचं चित्र काढून बघितलं. पाय, डोळे, शेपट्या. भरपूर मेहनत आणि भीती शून्य. मी म्हटलं, दाखवूच नका, फक्त आवाज ठेवा. मग आवाज शोधायला लागलो. नाटकवाले येऊन गेले. एकजात सगळे खलनायकासारखे हसले. एकाने तर हसून झाल्यावर घसा धरला आणि गरम पाणी मागितलं. आम्ही हात टेकले होते.

एक दिवस मी घरी लवकर आलो. जिना चढत होतो आणि वरून बाबांनी विचारलं, "वर आले का गा सगळे?" जिना अरुंद आहे, आवाज भिंतींवरून फिरत माझ्यापर्यंत आला. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना दिसत नव्हतो. मी जागच्या जागी थांबलो. मला भीती वाटली, आणि त्याच क्षणी आनंद झाला. आपल्या बापाची भीती वाटल्याचा आनंद. त्याला दुसरं नाव मला सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कठड्याला माइक बांधला. पण बाबांचं वाक्य संपतं न संपतं तोच आईचं उत्तर यायचं, मागे कुकरची शिट्टी असायची आणि बाबा "चला मंग" म्हणून मोकळे व्हायचे. मित्राने ऐकून सांगितलं, एवढ्याने भागणार नाही, मागे दुसरा आवाज नको आणि निदान दहा-बारा वेगवेगळ्या तऱ्हा हव्यात, हळूहळू चढत जाणाऱ्या. पुढची कल्पना मात्र माझी. ती त्याच्या माथी मारावी असं पुष्कळदा वाटतं, पण माझीच होती.

मी आईला म्हणालो, "पंधरा दिवस तू उत्तर देऊ नको."

"काहून?"

"रेकॉर्डिंग करून राहिलो. मधात तुझा आवाज येते."

"मंग ते तिथंच उभे राहतीन ना."

"पाच-दहा मिनिटं राहतील. मग आपण त्यांना आत आणू."

आई मान डोलावून स्वयंपाकघरात गेली. मुलाने खूप शिकून काहीतरी मोठं काम चालवलंय, यावर तिचा विश्वास होता. तो मीच तिच्या मनात रुजवला होता.

पहिल्या दिवशी बाबांनी तीनदा विचारलं. मग वळून आत बघितलं, पुन्हा खाली बघितलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर हेडफोन लावून बसलो होतो, श्वाससुद्धा दाबून. मी त्यांचा हात धरून आत नेलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तू कोण्या पाळीचा?" त्यांनी बूट काढू दिले नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते हाजरीतली नावं घेऊ लागले. एकेक नाव, मग थांबायचं, मग पुढचं. कुठल्या वर्षातली माणसं होती कोण जाणे, बरीचशी गेली असतील. ती नावं मी नंतर कापून टाकली, कारण नाव आलं की गूढ राहत नाही. पण नावांमधल्या जागा ठेवल्या. त्या जागांमध्ये त्यांचा श्वास ऐकू येतो. एका समीक्षकाने त्या श्वासावर सबंध परिच्छेद लिहिला आहे.

सहाव्या दिवशी खालच्या भाडेकरूने, भला माणूस, खालून आवाज दिला, "आलो काका, मी आलो." बाबांचा चेहरा उजळला. मी खाली जाऊन त्याला सांगितलं की कृपा करून चार ते साडेचारच्या मध्ये बोलू नका, आमचं काम चालू आहे. तो म्हणाला, "ठीक आहे भाऊ." त्यानंतर त्याने माझ्याशी फारसं बोलणं ठेवलं नाही.

नवव्या दिवशी आवाज बदलला. तो सिरदाराचा उरला नाही. सिरदार विचारतो तेव्हा त्याला उत्तराची खात्री असते. हा आवाज विनवणी करत होता. शब्द तेच, पण मध्येच फाटत होते, आणि शेवटच्या वेळी तर शब्दही नव्हते, नुसता सूर खाली सोडल्यासारखा. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. तिने मला खूण केली. मी मानेनेच नाही म्हटलं. ती जवळ आली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "एकच शब्द बोलू दे रे मले." मी तोंडावर बोट ठेवलं.

ते रेकॉर्डिंग आजही माझ्या कामातलं सगळ्यात चांगलं आहे. हे मी कडवटपणाने म्हणत नाही. खरोखर तसं आहे, आणि तेच वाईट आहे. त्या संध्याकाळी मी फाटकाबाहेर जाऊन मित्राला फोन केला आणि म्हणालो, मिळालं. तरी उरलेले दिवसही मी रेकॉर्डिंग केलं, न जाणो काही आणखी बरं मिळालं तर.

पंधरा दिवस संपले. मी माइक सोडला आणि आईला सांगितलं, आता बोल. चार वाजता बाबांनी विचारलं आणि आई त्या पंधरा दिवसांचं साचलेलं सगळं एकदम म्हणाली, "आले जी सगळे. बत्त्या जमा झाल्या. सगळ्या झाल्या. या, चहा झाला."

बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं.

"खोटं नको बोलू वं," ते म्हणाले. "इतके दिवस झाले, खालून कोणीच बोलून नाही राहिलं."

ते जिन्यातच उभे राहिले. त्या दिवशी, आणि त्यानंतर रोज. आईने हरतऱ्हेने सांगून बघितलं. मी पडतं घेऊन भाडेकरूला विनवलं, त्यानेही खालून सांगितलं. मी स्वतः खाली जाऊन डोक्याला टॉर्च बांधून वर आलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मागे बघितलं, बाकीचे कुठे आहेत म्हणून. एकदा ते नजर चुकवून खाली उतरले. सापडले तेव्हा भाडेकरूच्या गाडीशेजारी उभे होते, काठीने वरचा स्लॅब ठोकत. "इथं काम नका करू गा, आवाज चांगला नाही," असं कोणाला तरी सांगत होते. चारचा चहा त्यांनी नंतर कधी घेतला नाही. आई करायची, ठेवायची, आणि साय धरली की मोरीत ओतायची.

थंडीत छातीत कफ झाला आणि ते गेले. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं, बाकी कशाशी संबंध नाही. मीही लोकांना तेच सांगतो. शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारणं बंद केलं होतं. नातेवाईक म्हणाले, शांत झाले बिचारे. मला माहीत होतं की ते शांत झाले नव्हते, त्यांनी आशा सोडली होती. आईलाही माहीत होतं. तिने मला त्याबद्दल अवाक्षरानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गेम निघाला, चालला. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बराच. लोकांनी त्या प्रसंगाचे व्हिडिओ टाकले. घाबरून दचकतानाचे, स्वतःचेच. गमती करणाऱ्यांनी ते वाक्य उचललं. लिफ्ट अडकली, परीक्षेचा निकाल लागला, लग्नात पंगत उठली, की "वर आले का गा सगळे". कोणीतरी त्या आवाजाला अमानवी म्हटलं आणि मित्राने तो शब्द आमच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत घातला. मी हरकत घेतली नाही. शेवटच्या नामावळीत मी लिहिलं होतं, आवाज: बाबा. वाचणाऱ्यांना ते टोपणनाव वाटतं.

आईने गेम कधी बघितला नव्हता. बघायचा म्हटला तर मी विषय बदलायचो.

परवाची गोष्ट. नव्या आवृत्तीत त्या शेवटच्या प्रसंगात काही बिघाड आहे, तपासून दे, असं मित्राने सांगितलं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. आई भाकऱ्या थापत होती. मी हेडफोन लावून कॉम्प्युटरवर बसलो होतो. डिटेक्टिव्ह तळाशी पोचला, पडदा काळा झाला, मी पुढे सरकलो आणि हेडफोनची वायर खुर्चीच्या हाताला अडकून निघून आली.

"वर आले का गा सगळे?"

स्पीकरमधून आला, घरभर. स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं, सवयीने, हातातलं काम न थांबवता.

"आले जी सगळे. बत्त्या जमा झाल्या."

मग थापण्याचा आवाज थांबला. मी काही करायच्या आत स्पीकरमधला आवाज पुन्हा बोलला, दुसरी तऱ्हा, किंचित वरच्या पट्टीतली. तो प्रसंग तसाच बांधलेला आहे. पडद्यावर तीन पर्याय येतात, बत्ती लाव, पळ, गोळी झाड. खेळणारा काही निवडत नाही तोवर आवाज विचारत राहतो, चढत जातो, नवव्या दिवसापर्यंत.

आई दारात आली. दोन्ही हात पिठाचे. ती कॉम्प्युटरकडे नाही, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघत होती.

"आले जी," ती मोठ्याने म्हणाली. "सगळे आले."

त्याने पुन्हा विचारलं.

"ऐकू काहून नाही येत त्यायले?"

"रेकॉर्डिंग आहे आई."

"मले मालूम आहे ते," ती म्हणाली. मग तिने पडदा नीट बघितला. तिला वाचता येतं, तिने तिन्ही पर्याय वाचले. "यात उत्तर द्याची जागा नाही ठेवली तू?"

"नाही ठेवली."

माझा हात माऊसवर होता. एक बटण दाबलं असतं तर डिटेक्टिव्ह पळाला असता आणि सगळं थांबलं असतं. आईने ते बघितलं असावं. तिने पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं, जोर न लावता.

"तवा तू बोलू नाही देल्लं मले," ती म्हणाली. "आता बोलू दे."

मी माऊस सोडला. तिने शेजारची खुर्ची ओढली, पदर सावरून बसली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागली. तो आला. तिने उत्तर दिलं. तो पुन्हा आला, तिने पुन्हा दिलं, तितक्याच शांतपणे, तेच सगळे शब्द. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास येत होता आणि आम्हा दोघांपैकी कोणीच उठलं नाही.